लग्नाआधीचे अर्ज

बुलढाणा,
ता. २१ एप्रिल १९३८

प्रिय झुंबर,

हे अक्षर तुझ्या ओळखीचं नाही. असणार तरी कसं, आजवर मी तुला एक ओळही लिहिली नाही. नाव बघायला तू आधी शेवटचं पान उलटशील, म्हणून वरच सांगून टाकतो. मी इंद्रभान, डोणगावच्या उकंडरावांचा मुलगा. आठ वर्षांमागं तुझ्या वडलांच्या दारातल्या मांडवात तुझ्या शेजारच्या पाटावर ज्याला बसवलं होतं, तो. एवढं वाचून तू हा कागद चुलीत घातलास तरी तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या अन्नपूर्णाबाई तुझ्या हातात हा कागद देतील त्या लांबून मोटारीनं आलेल्या असतील, आणि तुझं वाचून होईपर्यंत बसायची त्यांची तयारी आहे. त्यांना पाणी दे. पोस्टानं टाकलं असतं तर आधी रंगरावमामांच्या, म्हणजे तुझ्या वडलांच्या, हाती पडलं असतं. मला ते तुझ्याच हाती पडायला हवं होतं. तुला वाचता येतं हे मला ठाऊक आहे. कसं ठाऊक ते पुढं येईल. मी चौथीपर्यंत शिकलो, पाचवीत पळालो, तेव्हा माझं लिहिणं असं आडवंतिडवं जायचं. सांभाळून घे.

मी आहे कुठं, असं तुझ्या मनात येईल. आधी खामगावला जिनात सरकी भरली. मग तंबूतला सिनेमा दाखवणाऱ्यांच्या मागं मागं अकोल्यापर्यंत गेलो. त्यांचं यंत्र दर गावात बिघडायचं आणि ते उघडल्यावर आत काय असतं ते बघण्यापायी मी दोन वर्षं फुकट जेवणावर राहिलो. मग मलकापूर टेसनावर हमाली. आता दीड वर्ष झालं, मलकापूर ते बुलढाणा मोटारीवर क्लीनर आहे. राजूरचा घाट चढताना मोटारीला धाप लागते. तेव्हा उतरून चाकामागं दगड लावायचा, पाणी ओतायचं, बाया उलट्या करतात त्यांना लिंबू द्यायचं, हे माझं काम. घाटात एका वळणावर पळसाचं झाड आहे, या दिवसांत... पण ते राहू दे. सांगायचं असं की ही मोटार तुझ्या गावावरून जाते. मोताळ्याला दहा मिनिटं उभी राहते. जाताना एकदा, येताना एकदा. मोताळा आलं की मी उपरणं नाकावरून बांधून घेतो आणि टपावर चढून सामान उगीच हलवत बसतो. ड्रायव्हर म्हणतो, “काऊन बे, मोताळ्याचीच धूळ तुले लागते काय?” मी म्हणतो, “हो.” दीड वर्ष मी हेच उत्तर देतो आहे.

आपलं लग्न तुला आठवतं का? तू अकराची होतीस, मी सोळाचा. त्या साली एप्रिलपासून लहान वयातली लग्नं बंद करणारा सारडा कायदा लागणार म्हणून फाल्गुनात गावोगाव नुसती झुंबड उडाली होती. वाजंत्रीवाले मिळेनात, भटजी एका मांडवातून दुसऱ्या मांडवात पळत होते. आपले भटजी तर दमून मंगलाष्टकातलं एक कडवं दोनदा म्हणाले. तुझे डोळे झाकत होते. मधेच तू मुंडावळ्यांतून माझ्याकडे पाहून हळूच विचारलंस, “तुले पोह्यता येते का?” मी म्हटलं, “येते.” मला येत नव्हतं, अजून येत नाही. आपल्या दोघांचं एकमेकांशी झालेलं बोलणं एवढंच, आणि त्यातलं माझं तेही खोटं. दुसऱ्या दिवशी आमची वरात डोणगावला परतली. तू लहान म्हणून माहेरीच राहिलीस, शहाणी झालीस की मूळ पाठवून सासरी आणायचं ठरलं.

आता मधली वर्षं सोडून मी एकदम यंदाच्या माघावर येतो. मधलं टाळतो आहे असं समजू नकोस, त्यावर यायचंच आहे. बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेत रुख्मिणी नावाच्या एक मास्तरीण आहेत. माळी समाजाच्या, वडील नाहीत, आई मनकर्णाबाई बाजारात भाजी विकते. एकदा मलकापूरहून येताना त्यांची पुस्तकांची ट्रंक मी टपावर उलटी ठेवली आणि घाटात ती उघडून पुस्तकं रस्ताभर झाली. मी ती सगळी वेचली, पण वेचता वेचता एका पुस्तकात वाफेच्या इंजिनाचं चित्र दिसलं आणि रस्त्याच्या कडेला बसून ते वाचत राहिलो. मोटार, माणसं, ड्रायव्हर, सगळे खोळंबले. बाकीचे शिव्या देत होते. ही उतरून आली आणि म्हणाली, “तिसऱ्या ओळीतला शब्द तुम्ही चुकीचा वाचून राह्यले.” तिथून सुरू झालं. तुला हे वाचायला बरं वाटणार नाही, मला लिहायलाही अवघड जातं आहे. पण एक सांगायचं आणि दुसरं झाकायचं, असं या पत्रात करायचं नाही असं मी कबूल करून बसलो आहे.

ती माळ्याची, मी कुणब्याचा. आमचं लग्न लावायला दोन्हीकडचा कोणी भटजी उभा राहणार नव्हता, आणि दोन्हीकडचे पंच मात्र वाळीत टाकायला एका पायावर उभे राहिले असते. तेव्हा तिनंच शोधून काढलं की सरकारी कायद्यानं कचेरीत लग्न होतं. आधी रजिस्ट्रारकडं नोटीस द्यायची. ती एका वहीत उतरवतात, वही कोणीही मागून पाहू शकतो. चौदा दिवसांत कोणाची हरकत आली नाही, तर तीन साक्षीदारांपुढं सही करायची आणि झालं लग्न. नोटीस भरून द्यायला आम्ही कचेरीपुढच्या लिंबाखाली बसणाऱ्या अर्जनवीस महादेवरावांकडं गेलो. तीस वर्षं ते लोकांचे अर्ज लिहितात. पांढरी मिशी, शाईनं निळं झालेलं बोट, आणि समोरच्याचं बोलणं अर्धं झालं की मान हलवायची सवय. त्यांनी एकेक रकाना विचारायला सुरुवात केली. “राहण्याची मुदत?” मी विचारलं, “कुठली?” “इथली बे. किती दिवस झाले बुलढाण्यात राहून?” मी म्हटलं, “राहतो म्हणजे कसं धरायचं?” “निजतो कुठं?” “मोटारच्या टपावर.” त्यांनी कलम थांबवून चष्म्यावरून रुख्मिणीकडं पाहिलं आणि म्हणाले, “बाई, याले घर म्हणजे काय ते आधी शिकवजो.” मग पुढचा रकाना. “लग्न झालेला, बिनलग्नाचा, का विधुर?”

मी म्हटलं, “बिनलग्नाचा.”

वय सांगावं तितक्या सहज म्हटलं. खोटं बोलतोय असं त्या घडीला वाटलंही नाही, आणि हेच सगळ्यात वाईट आहे, हे मला आता कळतं. माझ्या मनात ते लग्न म्हणजे लहानपणी खेळलेला एक खेळ होता. तू नांदायला आली नाहीस, आपण एका ताटात जेवलो नाही, मग कसलं लग्न. असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते पाठ झालं होतं. महादेवरावांनी ते सुबक अक्षरात लिहिलं, आम्ही सह्या केल्या, नोटीस वहीत चढली.

साक्षीदार व्हायला आम्हाला कोणी मिळेना. महादेवराव म्हणाले, “मी होतो. पण माझी एक अट हाय. ज्याच्या लग्नाले मी साक्षीदार, त्यानं आधी माझ्या वसरीवर येऊन बसायचं. रोज संध्याकाळी, नोटीशीचे दिवस भरेपर्यंत.” मला वाटलं पोथी वाचून दाखवतील. तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की तीस वर्षं नवऱ्याचे बायकोवर आणि बायकोचे नवऱ्यावर अर्ज लिहून त्यांची बोटं वाकडी झाली. खावटीचे, पळवून नेल्याचे, नांदवत नाही म्हणून, नांदत नाही म्हणून. “आणि इंद्रभान, एका बी अर्जात नवी गोष्ट नसते. समदी लग्नाच्या आधी ठावूक असलेलीच असते. फक्त कोनी तोंडानं बोललेलं नसते. म्हनून मी आता उलटं करतो. भांडन व्हायच्या दहा वर्सं आधी अर्ज लिवून घेतो.”

म्हणजे असं, की आम्ही दोघांनी दहा वर्षांनंतर एकमेकांवर कोणता अर्ज केला असता तो आजच त्यांना सांगायचा. एकानं सांगायचा, दुसऱ्यानं तोंड न उघडता ऐकायचा. ते खरोखर कागद घ्यायचे आणि लिहायचे. पहिल्या संध्याकाळी रुख्मिणीची पाळी. ती लाजेल असं मला वाटलं होतं, पण ती शाळेत हजेरी घ्यावी तशी बोलायला लागली. “मेहेरबान साहेबांना विनंती अर्ज, की माझे यजमान मीठ आणायला म्हणून जातात आणि कोणाची तरी सायकल दुरुस्त करून दिवेलागणीला येतात. मीठ आणत नाहीत. खोटं बोलत नाहीत, पण गोष्ट मधूनच सुरू करतात, म्हणून खरंही कळत नाही. मी ताट झाकून बसते.” महादेवरावांनी वर न पाहता विचारलं, “किती येळ झाकून ठेवलं?” ती म्हणाली, “काका, अजून लग्न कुठं झालं?” “दहा वर्सांनंतरचं सांगून राह्यली ना तू? अर्जात येळ लागते. किती येळ?” ती म्हणाली, “ऊन उतरेपर्यंत.” “मंग?” “मंग गाईले घातलं.” अन्नपूर्णाबाई, म्हणजे महादेवरावांची बायको, पलीकडे तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “तुमची गाय लय लठ्ठ होनार, मास्तरीणबाई.” सगळे हसले. मीही हसलो. पण झुंबर, ते झाकलेलं ताट मला असं दिसलं की जणू मी खरंच परवा कुठंतरी ते टाकून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी. मी म्हटलं, माझी काही तक्रार नाही. महादेवराव म्हणाले, “तक्रार नाही म्हननारा पहिले पळते.” तेव्हा मी डोकं खाजवून खाजवून सांगितलं. ही चारचौघांत माझं बोलणं दुरुस्त करते. ही सगळं आधीच ठरवून मग मला विचारते. रागावली की दोन दिवस बोलत नाही. ती ऐकायचा नियम मोडून म्हणाली, “दोन नाही, एकच.” महादेवरावांनी तिला गप्प केलं आणि कागदावर “एक ते दोन” असं लिहिलं. मग त्या दोन अर्जांतून एकेक गोष्ट काढून विचारायला सुरुवात. मनकर्णाबाई कोणाजवळ राहतील? मूल झालं तर शाळा सुटेल का? पोराची जात काय सांगाल? मी कुठं जायचं असेल तर कोणाला सांगून जायचं? यातलं एकही मी कधी मनात आणलं नव्हतं. मला लग्न म्हणजे पाटावर बसवणं एवढंच माहीत. रुख्मिणी मात्र बरंच योजून आली होती, आणि काही ठिकाणी तीही अडली. आई आपल्याजवळच राहील हे तिनं गृहीत धरलं होतं, आणि आईला विचारलंच नव्हतं. घरी जाऊन विचारलं तर मनकर्णाबाई म्हणाल्या, “मी नाही येत तुमच्यात. माझा मळा हाय, माझी कोंबडी हाय.” रुख्मिणी त्या दिवशी डोळे पुसत आली. पण दुसऱ्या दिवशी तिचं तोंड हलकं दिसलं. हे लग्नानंतर वर्षानं कळलं असतं तर तिनं त्याचा दोष मला दिला असता, असं तीच म्हणाली. लग्नाआधी असं बसावं लागतं हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता मला वाटतं की आपल्या त्या फाल्गुनात, एका मांडवातून दुसऱ्या मांडवात पळणाऱ्या भटजींपैकी एकानं तरी जरा बसून तुला एक गोष्ट विचारायला हवी होती. मला तरी.

पाचव्या संध्याकाळी महादेवराव म्हणाले, “तुमचे एकमेकांवरचे अर्ज झाले. आता बाकीच्यांचे. तुमच्यावर अर्ज करू शकेल असं आनिक कोनी हाय काय? जो अजून कचेरीत आला नाही, पन यायचा हक्क त्याले हाय.” रुख्मिणीनं दोन नावं सांगितली, शाळेतली एक मुलगी आणि एक मावशी. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, पाणी पिऊन येतो. उठलो, पाणी प्यालो, रस्त्यावर एक धाड गावाकडे जाणारी मोटार उभी होती, तिचा ड्रायव्हर ओळखीचा. तो म्हणाला, “येतो का? परवा बाजार हाय.” आणि मी चढलो. असा मी आहे. धाडला दोन दिवस फिरलो, बाजारात एकाचा बैल पाहिला, एका घिसाड्याजवळ भात्याशी बसलो. पण तिथं बसलो असताना जे माझ्याबरोबर मोताळ्याहून वर्षभर हिंडत होतं ते काही केल्या उतरेना.

तेही सांगतो. मागच्या वर्षी मोताळ्याहून पुंजाजी नावाचे भाजीचे व्यापारी मोटारीत बसले. टपावर जागा नव्हती म्हणून मी आत पायरीशी उभा. ते शेजारच्याला सांगत होते, “आमच्या रंगरावच्या पोरीचं पाय. नवरा ना मेला ना जित्ता. पोरगी चौथी शिकली, गावच्या बायांले कागद वाचून दाखवते. दोन ठिकाणं चालून आली पाटासाठी, दुसऱ्या लग्नाले. चांगली माणसं. पन सोडचिठ्ठी कोन देनार? डोणगाववाला म्हनते, माझा पोरगा जित्ता हाय, सून माझी हाय. अन दर दिवाळीले लुगडं पाठवून देते. पोरगी त्या लुगड्याची घडी मोडत नाही, तसंच पेटीत ठेवते.” दुसरा म्हणाला, “नवरा सापडला तर?” पुंजाजी म्हणाले, “सापडला तर दोन कानाखाली देऊन आधी चिठ्ठी लिवून घेऊ.” मी त्यांची पिशवी उतरवून दिली. त्यांनी मला दुवा दिला. म्हणजे वर्ष झालं, झुंबर, मला सगळं ठाऊक होतं. तुझ्या पायातली दोरी माझ्या हातात आहे आणि ती नुसती सोडायची आहे, एवढं ठाऊक असून मी रोज दोनदा तुझ्या गावावरून तोंड बांधून गेलो.

धाडहून परत आलो तेव्हा ते तिघं वसरीवरच होते. महादेवराव एवढंच म्हणाले, “चहा घे. आता सांग.” मी सांगितलं. आधी लग्नाचं. महादेवराव लालेलाल झाले. “माझ्या कलमानं खोटं लिवलं तू! तीस वर्सांत कोनी मले असं नाही करायले लावलं.” मग अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, “त्याले पुरं सांगू द्या.” म्हणून मी पाच वर्षांमागच्या वैशाखाचं सांगितलं, जे मी आजवर कोणालाही सांगितलं नाही. आता तुला सांगतो, कारण त्या दिवशी काय झालं ते तुझ्या बाजूनं तुला माहीत आहे, माझ्या बाजूनं नाही. तुला आणायला आम्ही मूळ घेऊन निघालो होतो. चुलते, मी आणि गाडीवान. तुमच्या शिवारात नळगंगेवर बैलांना पाणी पाजायला गाडी सोडली. पलीकडे रस्त्यावर एक मोटार बंद पडली होती. बोनेट उघडं, वाफ निघते आहे. मी चुलत्यांना म्हटलं, जरा पाहून येतो. जवळ गेलो. ड्रायव्हर म्हणाला, जरा ढकलू लाग. ढकलली. ती सुरू झाली. तो म्हणाला, ये बस, पुढच्या फाट्यावर सोडतो. मी बसलो. मोटारीत मी पहिल्यांदाच बसलो होतो. फाटा आला, मी उतरलो नाही. मलकापूर आलं. तिथं पोचल्यावर कळलं की संध्याकाळ होते आहे आणि आता परत गेलो तर काय तोंड दाखवणार. उद्या जाऊ म्हटलं. उद्याचं परवा झालं. तुझ्यात काही खोट होती म्हणून मी गेलो नाही. कोणी सांगितलं असेल की याचं दुसरीकडं होतं, याला पोरगी पसंत नव्हती, तर ते खरं नाही. पसंत-नापसंत व्हायला मी तुला पाहिलंच कुठं होतं. मी नुसता मोटार पाहायला उतरलो. एवढ्याशा गोष्टीसाठी तुझी पाच वर्षं गेली, आणि खरं कारण याहून मोठं नाही, याची मला जास्त लाज वाटते.

सगळं ऐकून रुख्मिणी रागावली नाही. तिनं एकच विचारलं, “त्या दिवशी ती वाट पाहत दारात किती वेळ बसली होती?” मी म्हटलं, “मला माहीत नाही.” ती म्हणाली, “तुम्ही कधी विचारलं नाही.” आणि उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी कचेरीत येऊन उभी होती. नोटीस आम्ही परत घेतली. मी स्वतः साहेबांपुढं सांगितलं की मी लिहून दिलेलं खोटं होतं. साहेब बरंच बोलले, महादेवराव माझ्यासाठी हात जोडून उभे राहिले, प्रकरण ताकीद देऊन मिटलं. बाहेर लिंबाखाली रुख्मिणी म्हणाली, “आधी झुंबरबाईंचं. तोवर माझं काही बोलू नका. आणि मी थांबीन असंही समजू नका.” मी महादेवरावांना म्हटलं, काका, तुमच्या हातानं एक चांगली सोडचिठ्ठी लिहून द्या. त्यांनी कलम खाली ठेवलं. म्हणाले, “याले अर्जनवीस लागत नाही. तिच्या बापाले नाही, पंचाले नाही. आधी तिले लिव. तुह्या हातानं.” म्हणून तीन दिवसांपासून मी हा कागद लिहितो आहे. डोणगावला वडलांनाही लिहिलं, की मी जिवंत आहे, आणि झुंबर तुमची सून आहे की नाही हे आता तुम्ही नाही ठरवायचं.

तर हे पत्र लिहिण्याचं कारण असं. मला तुझ्याकडून सुटका हवी आहे, हे मी लपवत नाही. पण तशी चिठ्ठी मी अजून लिहिलेली नाही. चिठ्ठीत आपल्याकडं बाईचा काहीतरी दोष लिहायची रीत आहे. नांदत नव्हती, ऐकत नव्हती, असं. ते मी लिहिणार नाही, आणि पंचांनी लिहायला सांगितलं तर सही करणार नाही. येत्या बाजाराच्या दिवशी मी सकाळच्या मोटारीनं येईन, तोंड न बांधता, आणि तुमच्या दारात उभा राहीन. पुंजाजींना सांग, त्यांच्या त्या दोन कानाखालीही चालतील. पण कागदाला हात लावण्याआधी तू बोल. मांडवापासून त्या वैशाखापर्यंत आणि त्यानंतरचं, दिवाळीच्या लुगड्यांसकट सगळं. दारात किती वेळ बसलीस तेही. मोठ्यानं सांग, हळू सांग, घरातून सांग, नाहीतर लिहून ठेव आणि कोणाकडून वाचून घे. सांगून झालं की चिठ्ठीत काय लिहायचं ते तूच सांगायचं, शब्दन् शब्द, मी फक्त लिहीन. तुला चिठ्ठी नको असेल, मी येऊन नांदावं असं तुला वाटत असेल, तर तेही तूच सांगायचं. ही ओळ रुख्मिणीनं मला लिहायला लावली, आणि तीन दिवसांतले दोन दिवस या एका ओळीला लागले. तू जे सांगशील ते मी टाळणार नाही. आणि तू बोलत असशील तेव्हा रस्त्यानं कितीही मोटारी जावोत, कोणाचं काहीही बिघडो, तुझं बोलणं संपेपर्यंत मी जागचा हलणार नाही.

‘तुझाच’ लिहायचं की नाही ते तू ठरवायचं, म्हणून आज नुसता

इंद्रभान